जुन्या बुलेटचा करंट कुठे गेला?

दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या तिसऱ्या पुण्यानुमोदनाला तीन आठवडे उरले होते आणि अंगणातली बुलेट मुकी झाली होती. किक मारून मारून आमचा उजवा गुडघा सुजला. हॉर्न दाबला तर सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज येई. हेडलाइट लागे, पण देवळीतल्या पणतीइतकाच, आणि ब्रेक दाबला की तोही मान टाकी. ही गोष्ट २०२४ सालची. आईने एकच गोष्ट मागितली होती : त्या दिवशी विहारात जायचे ते दादांच्या गाडीवर बसून. रिक्षा नको, जावयाची मोटारही नको.

गाडी १९८९ सालची, साडेतीनशे सीसीची, डाव्या पायाला ब्रेक आणि उजव्या पायाला गिअर. दादांनी ती १९९३ साली एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली. त्यांच्या पगारात ती बसत नव्हती. सोसायटीचे कर्ज काढले. नामांतराच्या चळवळीत परभणी जिल्ह्यातली गावे पालथी घालायची, तर यष्टीच्या भरवशावर राहून भागत नव्हते. १९७८ साली विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांनी काय सोसले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. नामविस्ताराच्या त्या आठवड्यात गावोगाव तणाव होता. एका रात्री निरोप घेऊन निघालेल्या दादांच्या गाडीचा दिवा रस्त्यातच गेला. हँडलला सुतळीने बॅटरी, म्हणजे हातातली टॉर्च, बांधून ते पहाटे घरी आले. आई अजून सांगते, "आवाज आधी आला, उजेड मागून आला."

त्यानंतर दादा विजेचे काम स्वतः शिकले. शिकले असे सहज लिहून गेलो. त्यांना शिकावे लागले. तालुक्याच्या गावी त्या वेळी एकच गॅरेज होते आणि तिथे आपल्या माणसाच्या गाडीचा नंबर सगळ्यांच्या गाड्या झाल्यावर लागत असे. सकाळी उभी केलेली गाडी संध्याकाळी हातात येई, तीही "उद्या या" या शब्दांसकट. दादांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्वतःचे गॅरेज उभे केले : एक टेस्ट लॅम्प, पॉइंट घासायची बारीक कानस, फिलर गेज, पकड, दोन पाने आणि एक चाळीस पानी वही. रात्री काम चाले तेव्हा टॉर्च धरायचे काम आमच्याकडे. आम्हाला झोप येई, उजेड भलतीकडे जाई आणि दादा म्हणत, "माझ्या तोंडावर नको, वायरीवर धर."

एवढे बाळकडू मिळूनही आम्ही कॉमर्सला गेलो आणि कारकून झालो. त्यामुळे गाडी बंद पडल्यावर आम्ही जे केले ते कोणीही केले असते. गॅरेजला नेली.

पहिल्या खेपेला नवी बॅटरी बसली. आठ दिवसांत ती उतरली. दुसऱ्या खेपेला रेक्टिफायर बदलला. पुन्हा दहा दिवसांत तीच रड. आम्ही बीकॉम असल्याने जमाखर्चाला चुकत नाही : बॅटरी, रेक्टिफायर आणि मजुरी मिळून ४,३५० रुपये गेले होते. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी मान हलवली. सगळी वायरिंग नवी घालावी लागेल, आतली मॅग्नेट कॉइलही बदलावी लागेल, बारा हजार धरून चला. आणि आमच्या भल्यासाठीच म्हणून त्यांनी हँडलला लिंबू-मिरची बांधून दिली. आईने ती अंगणातच तोडली आणि उकिरड्यावर फेकली. "चाळीस वर्षं बावीस प्रतिज्ञा म्हणतेय मी, आता या लोखंडाला दृष्ट लागायची राहिलीय का?" असे तिचे म्हणणे.

आमच्या चिरंजीवांचा हिशेब सरळ होता. भंगारवाला जो भाव देतो त्यात थोडी भर घालून स्कूटरचा पहिला हप्ता भरावा. तो चुकीचे बोलत होता असेही नाही. ओढाताणीच्या संसारात बारा हजार म्हणजे एका मुलाची क्लासची फी आहे. व्हिंटेज गाडी आहे, ठेवा, असे सांगणारेही भेटले. त्यांच्यासाठी माहिती : केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले, ते ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. तो नाद ज्यांच्याकडे चार गाड्या आहेत त्यांचा. आपली गाडी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आर.सी. नवी करून घ्यायची आणि कामाला लावायची, एवढेच आपल्याला परवडते.

भाची आली

आमची भाची आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या ट्रेडला आहे. वस्तीतली या ट्रेडला गेलेली ती पहिली मुलगी. (१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते हे आपल्याला पाठ असते, पण वीज हा विषयही त्याच खात्याकडे होता आणि देशातल्या विजेच्या नियोजनासाठी सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड १९४४ साली त्याच खात्यामार्फत उभे राहिले, हे आपल्या जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही.) ती रविवारी आजीला भेटायला आली, गाडीची कहाणी ऐकली आणि म्हणाली, "मामा, सगळी वायरिंग गेली असं त्यांनी कशावरून ठरवलं? काय मोजलं त्यांनी?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, कोणी अधिकाराने म्हणतो एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या, त्यावर आम्ही विहारात दोनदा प्रवचन दिले आहे. गॅरेजच्या दारात मात्र ते आठवले नव्हते.

तिने दादांचा डबा मागितला. वही उघडली. पहिल्याच पानावर दादांनी निळ्या शाईत लिहिले होते की आधी बॅटरी, मग फ्यूज, मग अर्थिंग, मग बाकीचे. तिच्याजवळ एक साधा डिजिटल मल्टिमीटर होता, तीन-चारशे रुपयांत मिळतो तसा. पुढे जे झाले ते आम्ही क्रमाने सांगतो, कारण जुनी दुचाकी कोणतीही असो, रीत हीच.

हातातली अंगठी, घड्याळ काढावे. बॅटरीजवळ विडी, काडी, निरांजन काही नको. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि तो भडकतो. आत आम्ल असते, म्हणून लहान मुले लांब आणि पाण्याची बादली जवळ. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून चेसिसला टेकला तर ठिणगी उडत नाही, ती याच क्रमामुळे. आमची गाडी बारा व्होल्टची, निगेटिव्ह बॉडीला जोडलेली. त्याहून जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असतात आणि काहींची जोडणीही उलटी असते, तेव्हा आधी पाहून घ्यावे. खालचे सगळे आकडे बारा व्होल्टचे आहेत.

इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे वर दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली गेली तर ती उतरली, आणि पॉइंटवर चालणारी ही बुलेट बॅटरीच्याच करंटवर ठिणगी टाकते, त्यामुळे मेलेल्या बॅटरीवर कितीही किक मारा, घाम तेवढा येईल. आमची बॅटरी भाचीने आदल्या रात्री शेजारच्या रिक्षावाल्या काकांकडे सावकाश चार्जिंगला लावली होती. सावकाश म्हणजे बॅटरीवर जितके अँपिअर-तास लिहिले असतील त्याच्या दहाव्या हिश्शाच्या करंटने. सकाळी आकडा आला १२.७. म्हणजे बॅटरी निर्दोष.

फ्यूज पाहिला. तिथे फ्यूज नव्हताच, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती! हा प्रकार बऱ्याच गाड्यांत आढळतो आणि तो घातक आहे. वायर कुठे बॉडीला टेकली तर फ्यूजने जळायचे असते; चांदी जळत नाही, मग वायरिंग जळते आणि वर पेट्रोलची टाकी असते. जितक्या अँपिअरचा फ्यूज मुळात असेल तितक्याचाच घालावा.

मग तिने हेडलाइट लावायला सांगितला आणि मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली. इथे आम्हाला वाटले की निगेटिव्ह आणि बॉडी म्हणजे एकच, शून्यच येणार. मीटरने १.९ दाखवले. भाची हसली. "मामा, इथं दोन-तीन दशांशापेक्षा जास्त यायला नको. तुमचा करंट घरी परत येताना वाटेतच अडकतोय."

आम्हाला हे समजायला वेळ लागला, म्हणून थोडे फोडून सांगतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून करंट निघतो, बल्ब पेटवतो, आणि त्याला बॅटरीच्या निगेटिव्हला परत यावे लागते. मोटारसायकलमध्ये या परतीच्या वाटेला वेगळी वायर क्वचितच असते; गाडीची लोखंडी बॉडीच वायरीचे काम करते. त्या वाटेत गंज, ग्रीस किंवा रंग आला की बारापैकी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बल्ब मंद, हॉर्न घोगरा, ठिणगी अशक्त. शिवाय चार्जिंगचा करंटही त्याच वाटेने फिरतो, म्हणून नवी बॅटरीसुद्धा पुरती भरत नाही आणि आठ दिवसांत उतरते. एका जागचा दोष चार ठिकाणी दिसतो आणि माणूस चार वस्तू बदलत बसतो.

ती जागा सापडली. बॅटरीखाली चेसिसला जिथे अर्थिंगची वायर नट-बोल्टने आवळलेली असते तिथे काळाभोर, गुळगुळीत, चकचकीत रंग होता. रंग देऊन झाल्यावर वायर रंगावरच आवळली होती.

तो रंग आम्ही दिला होता. म्हणजे पेंटरकडून देवविला होता, तीन महिन्यांपूर्वी, दादांच्या पुण्यानुमोदनाला गाडी नवीसारखी दिसावी म्हणून, टाकीवर सोनेरी रेघा मारून. गाडी बिघडली ती त्याच आठवड्यापासून. हे आम्ही मिस्त्रींना सांगितले नव्हते, त्यांनी विचारले नव्हते. चूक निम्मी निम्मी म्हणावी, तर आमचा निम्मा जरा मोठाच.

रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, लखलखीत लोखंड दिसेपर्यंत. वायरीचे टोकही घासले. आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावले, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. इंजिन जिथे चेसिसला बसते तिथल्या एका बोल्टखालीही तेच केले. पुन्हा मीटर लावला : ०.०५. हॉर्न दाबला तर शेजारची कुत्री उठली.

अँमीटरचा काटा

किक मात्र अजून लागत नव्हती. बुलेटच्या हेडलाइटच्या वर जो छोटा अँमीटर असतो तो शोभेचा नाही, हे दादांच्या वहीतले दुसरे पान. चावी लावून किक अगदी सावकाश दाबत न्यावी, डिकंप्रेसर ओढून. पॉइंट मिटलेले असतील तेव्हा काटा उणे बाजूला कलतो, उघडले की शून्यावर येतो. काटा असा हलत असेल तर बॅटरी, चावी, कॉइलचा आतला फेरा आणि पॉइंट यांची एका झटक्यात हजेरी लागली. हॉर्न वाजतो पण काटा शून्यावरच बसून आहे, तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांवर मळ आहे किंवा कॉइलपर्यंत वायरच पोचत नाही. काटा उणेत अडकून हलतच नाही, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट आहे. आणि चावी लावताच काटा एका टोकाला जाऊन आदळला तर क्षणभरही न थांबता चावी बंद करावी. कुठे तरी वायर बॉडीला टेकली आहे.

आमचा काटा शून्यावर बसून होता. इंजिनाच्या उजव्या अंगाला, सिलिंडरच्या मागे पॉइंटची डबी असते. झाकण काढले. तीन महिने धड न चाललेल्या गाडीच्या पॉइंटवर करडी साय धरली होती. दादांच्या कानशीने दोन हात फिरवले, कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून भुकटी काढली आणि फिलर गेजने फट पाहिली. पॉइंट पुरते उघडलेले असताना ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. आता काटा शहाण्यासारखा हलू लागला. प्लग काढून टोपीत बसवला, त्याचे अंग सिलिंडरच्या हेडला टेकवले आणि किक मारली. प्लगच्या भोकापासून तो लांब ठेवावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि हातात धरू नये. ठिणगी निळी आणि चटचटणारी आली. पिवळी, मरतुकडी आली असती आणि पॉइंटच्या तोंडाशीच मोठी ठिणगी उडत असती, तर संशय कंडेन्सरवर गेला असता. तो स्वस्त असतो आणि बदलायला दहा मिनिटे लागतात.

तिसऱ्या किकला गाडी बोलली. आई ओट्यावर बसून भाजी निवडत होती, ती उठून उभी राहिली, काही बोलली नाही.

इंजिन जरा वाढवून बॅटरीवर मीटर धरला : १४.१ व्होल्ट. पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान आला की चार्जिंग बरोबर. तेराच्या खालीच राहिला तर डाव्या बाजूच्या चेनकेसमधली कॉइल, तिच्या वायरी आणि रेक्टिफायर तपासावे. पंधराच्या वर गेला तर बल्ब उडतात आणि बॅटरीचे पाणी आटते. म्हणजे बारा हजारांत जी मॅग्नेट कॉइल बदलायची होती ती ठणठणीत होती. (बॅटरीत पाणी घालायचे ते डिस्टिल्ड, खुणेच्या रेषेपर्यंत. नळाचे नाही, फिल्टरचेही नाही.)

एक दुखणे उरले होते. हँडल डावीकडे पूर्ण वळवले की हेडलाइट विझे, सरळ केले की लागे. हे जुन्या गाडीचे ठरलेले दुखणे. वायरिंगचा जुडगा मानेपाशी दिवसातून शेकडो वेळा मोडतो, वरचे आवरण शाबूत दिसते आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात. भाचीने दिवा लावून ठेवला आणि वायर बोटभर बोटभर वाकवत गेली. मानेपासून चार बोटांवर दिवा मिचकावला. टॉर्च धरायला आमचे चिरंजीव होते, आणि ते मोबाइलच्या उजेडात तिच्या तोंडाकडे पाहत होते, तिने सांगितले, "दादा, वायरीवर धर." तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर डाखणीने जोडली, वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवली. नुसत्या पिळा मारून टेप गुंडाळलेले सांधे पावसात फसवतात. शिवाय हेडलाइटच्या घमेल्यातून चेसिसपर्यंत अर्थिंगची एक स्वतंत्र वायर टाकली, कारण एरवी तो करंट मानेतल्या ग्रीस भरलेल्या छऱ्यांमधून वाट काढत असतो.

चिरंजीवांची लगेच सूचना आली की आता हॅलोजन टाकू. मुळात बल्ब ३५ वॅटचा आहे. ५५ वॅटचा लावला तर एकटा तोच साडेचार अँपिअरच्या वर ओढतो; हळू चालवताना तेवढे जुनी कॉइल देईलच असे नाही, मग बॅटरीतून जाते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सूचना नामंजूर झाली.

खर्च : वायर, स्लीव्ह, फ्यूज, पॉलिश पेपर मिळून १४० रुपये. वेळ एक रविवार. मिस्त्रींच्या पोटावर पाय द्यावा असा यात हेतू नाही. आपलीही कितीतरी पोरे गॅरेजमध्ये राबतात आणि त्यांच्या मजुरीला घासाघीस करणे आम्हाला पटत नाही. पण गॅरेजला जाण्यापूर्वी काय मोजले आणि किती आले हे आपल्या वहीत असले, तर बोलणे बरोबरीचे होते. आम्ही त्या मिस्त्रींकडे परत गेलो होतो. रंगाची गोष्ट सांगितली. त्यांनी जुना रेक्टिफायर जपून ठेवला होता, तो परत केला. नव्याचे पैसे परत मिळाले नाहीत. तो जुना रेक्टिफायर चांगला निघाला. तो आता डब्यात आहे.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी आई पांढरे पातळ नेसून मागच्या सीटवर बसली. वाटेत दोनदा म्हणाली, हळू चालव. विहाराशी उतरताना तिने विचारले, "दिवा बंद केलास ना?" सकाळचे नऊ वाजले होते, दिवा लावलेलाच नव्हता, पण आम्ही वाकून पाहिले.

दादांच्या वहीत भाचीने त्या रविवारची तारीख घालून १.९ आणि ०.०५ हे दोन आकडे लिहिले आहेत. ब्रेक लाइटचा स्विच अजून अधूनमधून अडकतो. तो येत्या रविवारी उघडायचा आहे.